गराआडची बी

या महिन्याच्या सुरुवातीला बायकोनं गुलमंडीच्या बाजारातून येताना सीताफळं आणली. वर्तमानपत्र अंथरून तिनं एक फोडलं, अर्धं माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "यंदा तरी खा." मी चमचा उचलला. गराची एक पाकळी पातळ होती; तिच्याआडून आतली बी अंधूक, निळसर-काळी दिसत होती. मी चमचा ठेवला आणि हात धुवायला उठलो. हात भरलेच नव्हते. पाहुण्यांना ती सांगते, "ह्यांना सीताफळ चालत नाही," जसं कुणाला वांगं चालत नाही, कुणाला दही.

चालत नाही हे खरंच आहे. का चालत नाही, ते मी इतकी वर्षं तिलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मी मुळात कमी बोलणारा. ऑफिसात माझ्या या स्वभावाचं कौतुक होतं. निकम म्हणजे शांत माणूस, निकम म्हणजे कुणाच्या भानगडीत न पडणारा. या कौतुकाची मला आता शिसारी आली आहे. शांत माणसाच्या पोटात काय आहे ते कुणी उघडून बघत नाही, एवढाच त्याच्या शांतपणाचा अर्थ.

आमच्याकडं सीताफळाचा हंगाम दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतो. पाऊस हटलेला, डोंगर अजून हिरवे, सकाळी अंगाला बरी वाटणारी हवा आणि दुपारी चांगलं चावणारं ऊन. पडेगाव सोडलं की दौलताबादपर्यंत रस्त्याच्या कडेनं बायका टोपल्या मांडून बसतात. फळाच्या खवल्यांमधल्या भेगा पिवळट झाल्या की त्या म्हणतात, डोळे उघडले. मग तोडायचं, गव्हात किंवा गवतात घालून ठेवायचं आणि विसरून जायचं. दोन-तीन दिवसांनी एका सकाळी घरभर वास सुटतो. फळ स्वतःच हाक मारतं.

माझ्या नाकात मात्र या वासाबरोबर दुसरा एक वास येतो. वाफेच्या भट्टीतून नुकत्याच निघालेल्या मक्याच्या भुशाचा. उंदरांच्या पिंजऱ्यात अंथरायला आम्ही तो वापरतो. निर्जंतुक करून काढला की कणसं भाजल्यासारखा वास सगळ्या बोळात भरतो. मी जनावरांचा डॉक्टर. सोयगावच्या घरी सगळ्यांना वाटायचं, हा गाई-म्हशी बघणार. माझं आयुष्य उंदरांत गेलं. शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत प्राणिगृह आहे. तिथं मी तेव्हा साधा पशुवैद्य होतो, आता प्रमुख आहे. कसा झालो प्रमुख, तेही या लेखात येईलच.

त्या वर्षी आमच्याकडं मोठं काम चाललं होतं. माणसात एक बिघडलेला जनुक असतो. ज्या घराण्यात तो शिरतो तिथं पिढ्यान्‌पिढ्या दंडाचे, मांड्यांचे स्नायू झिजत जातात. विशीतला माणूस जिना चढताना कठड्याला लोंबकळतो. तो जनुक उंदरात घालायचा, म्हणजे आजार उंदरात उतरतो, आणि मग औषध आधी उंदरावर तपासता येतं. ऐकायला सोपं. करायला? काळ्या मादीची नुकती फळलेली अंडी काढायची. अंडं टाचणीच्या टोकापेक्षा बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या नळीच्या टोकावर ते धरून ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं केसापेक्षा बारीक काचेची सुई आत घालायची. त्या सुईतून माणसाचा जनुक आत जातो आणि अंड्यातलं केंद्रक किंचित फुगतं. ते फुगणं बघताना मी श्वास धरायचो. आज एवढा संतापून लिहितो आहे, तरी हे कबूल करतो: त्याहून सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही.

ही अंडी मग पांढऱ्या मादीच्या पोटात ठेवायची. अंडी काळ्यांची, आया पांढऱ्या. पण मादीचं शरीर गर्भ धरायला तयार हवं, म्हणून तिला आदल्या संध्याकाळी नराजवळ सोडायचं. नर असा हवा की संग होईल पण गर्भ राहणार नाही. म्हणून त्याची नसबंदी केलेली असते. सकाळी मादीच्या अंगात मेणासारखं बूच, म्हणजे संग झाल्याची खूण, दिसलं, की ती फसली. ही नसबंदी माझ्या हातची. नर-मादी जोडणं आणि सकाळी बूच बघणं, हे काम कावेरीबाईंचं.

कावेरीबाई दौलताबादच्या पलीकडच्या एका गावातून बसनं यायच्या. चौथी शिकलेल्या, कंत्राटदारामार्फत लागलेल्या, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला डाक्टर.

"डाक्टर, ह्या गड्यायची नसबंदी झाली म्हंता, मंग रोज नवी बायको कामून देता ह्यायला?"

"बाई, मादीला वाटलं पाहिजे की आपलं लग्न झालं."

"म्हंजे फसवायचं तिला."

"हो."

"आन् पोटात दुसरीचं लेकरू ठिवायचं."

"हो."

त्यांनी पिंजऱ्याचं झाकण लावलं. मग मास्कच्या आत हसल्याचा आवाज. "आमच्या गावात नसबंदीचं शिबिर झालं तवा निम्मे गडी डोंगरात पळाले व्हते. हे बिचारे कुठं पळतील!"

आत, म्हणजे जंतूंपासून राखलेल्या 'बॅरियर'च्या आत, जायचे नियम कडक होते. बाहेर कपडे काढायचे, अंघोळ करायची, भट्टीतून आलेले कपडे घालायचे. बांगड्या नाहीत, कुंकू नाही, टिकली नाही. माणसाबरोबर जंतू आत जायला नकोत. उंदरांना बारा महिने एकसारखा गारवा, गाळून घेतलेली हवा; आणि बायका जिथं डबा खायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पंखासुद्धा नव्हता. तेव्हा मला यात काही खटकलं नाही. हे आता लिहिताना खटकतं आहे आणि तेव्हा न खटकल्याचं जास्त खटकतं आहे.

मोकळं कपाळ बाईंना पटेना. "नवरा जित्ता हाय माझा, डाक्टर." मग त्यांनीच तोड काढली. कपाळावरची लाल टिकली काढायची, फेकायची नाही. ती आत न्यायची, जंतुनाशकाच्या फडक्यानं पुसायची आणि नसबंदीवाल्या नराच्या पिंजऱ्याच्या कार्डावर, डाव्या कोपऱ्यात, चिकटवायची. "कपाळावर नाय चालत तर कार्डावर तरी ऱ्हाऊ द्या." पांढऱ्या नरांचे पिंजरे सगळे सारखेच दिसायचे, साधे आणि शस्त्रक्रियेचे शेजारी-शेजारी. टिकलीमुळं लांबूनसुद्धा चूक होणं शक्य नव्हतं. नियमात बसत नव्हतं, पण मी चालवून घेतलं, कारण माझ्या नोंदवहीपेक्षा ती पद्धत पक्की होती.

आणि दुसरी एक गोष्ट त्यांनी मला शिकवली, जी कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा काळ्याचं काय, गोऱ्याचं काय, सारखंच गुलाबी, शेंगदाण्याएवढं. पापण्या घट्ट मिटलेल्या. अंगावर रंग यायला काही दिवस जातात. बाई पहिल्याच सकाळी सांगायच्या.

"ह्ये बगा. गराआडून बी दिसती ना, तसं डोळ्याच्या जागी काळं दिसाया पायजे. दिसलं की समजायचं, ह्ये आपलं. पांढऱ्याचं आसंल तर कोरं दिसतं."

खरंच तसं दिसायचं. पातळ कातडीखाली दोन निळसर-काळे ठिपके. हंगामात बाई आमच्यासाठी पिशवीभर सीताफळं आणायच्या, कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला लावून ठेवायच्या, आणि घरी जाताना मला एक फळ देताना म्हणायच्या, "तपासून घ्या, डाक्टर. काळं हाय का कोरं."

आता माझं सांगतो.

त्या वर्षी सहा नर तपासलेले, पक्के होते. त्यातला एक मेला. सातवा तयार करायचा होता. गौरी-गणपतीला मी सोयगावला गेलो आणि चार दिवसांच्या रजेचे बारा दिवस केले. आल्यावर घाईत सातव्याची शस्त्रक्रिया केली. डावीकडची नळी कापताना रक्त आलं. ती नळी म्हणजे पांढरा दोरा, तिच्या एका अंगानं लाल शीर. मी कापलं ते नळीच होती की तिच्याभोवतीची चरबी, याची मला खात्री नव्हती. नव्हती म्हणजे नव्हतीच. अशा वेळी एकच उपाय असतो: नराला माद्यांजवळ सोडायचं आणि वीस दिवस थांबायचं. पिल्लं झाली नाहीत तर नर पक्का. उंदराचं गर्भारपण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचं, बाई म्हणायच्या, आणि ते तंतोतंत खरं आहे. पण सरांना दसऱ्यालाच अंडी ठेवायची होती. दिवाळीनंतर दिल्लीहून तपासणीला मंडळी येणार होती. त्यांना पिल्लं दाखवायची होती. सर म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांनी विचारलं, "निकम, सगळे नर टेस्टेड आहेत ना?" मी हो म्हणालो. नोंदवहीत सातव्यापुढं "चाचणी पूर्ण" लिहिलं आणि सही केली.

एवढंच. रजेचे आठ दिवस लपवायला एक सही. सगळ्या अनर्थाचं मूळ एवढं क्षुद्र आहे, याचाच मला जास्त राग येतो. एखादा मोठा लोभ तरी असायला हवा होता.

दिवाळीच्या दोन दिवस आधीची सकाळ. मी आणि सर बाहेरच्या बोळात उभे होतो. काचेच्या खिडकीपलीकडं कावेरीबाई आल्या, हातात पिंजरा. आतल्या बोलण्याच्या यंत्रातून त्यांचा आवाज आला.

"डाक्टर, अकरा झालीत. पर दोनच आपले हायेत. नऊ कोरे."

मला कळलं. नऊ कोरे, म्हणजे त्या पांढऱ्या मादीला स्वतःचा गर्भ राहिला होता. म्हणजे नर नसबंदीतून सुटला होता. सातवा.

सर म्हणाले, "व्हॉट डज शी मीन, कोरे?"

"सर, म्हणजे... नऊ पिल्लं त्या मादीची स्वतःची आहेत."

"हाऊ?"

याची उत्तरं दोन होती. एक, नसबंदी फसली. दोन, पिंजऱ्यात चुकून साधा नर गेला. दोन्ही मला माहीत होती आणि त्यातलं खरं कोणतं तेही. मी दुसरं आधी सांगितलं.

"चुकीचा नर गेला असेल, सर."

पहिलं उत्तर तोंडातून कधी निघालंच नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी शपथेवर सांगतो, त्या बघण्यात प्रश्न होता. कुणीही विद्यार्थी विचारेल असा प्रश्न: निकम, त्या नराची पुन्हा चाचणी करू या का? तो त्यांनी विचारला नाही. चाचणीला वीस दिवस लागले असते आणि मंडळी पुढच्या आठवड्यात यायची होती. अहवालात "कर्मचाऱ्याची चूक, कारवाई केली" असं एक वाक्य टाकणं सोपं होतं. त्यांनी मला वाचवलं नाही. त्यांनी स्वतःचे वीस दिवस वाचवले. आणि मी त्यांना ते वाचवू दिले.

"पूर्ण लिटर, अकराच्या अकरा पिल्लं, डिस्कार्ड करा," सर म्हणाले. "कंटॅमिनेटेड आहे."

"सायेब, दोन आपले हायेत की!" बाई आतून म्हणाल्या.

"बाई, पिल्लांचे डोळे उघडायला दोन आठवडे लागतात. तुम्हाला कुठून डोळे दिसले?" सर हसले. अंड्यात सुई घालणारा तो हात, त्यानं जन्मलेलं पिल्लू कधी धरलेलं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं की त्या बरोबर आहेत. मी चपलेकडं बघत राहिलो.

दुपारी मी आत गेलो. त्या पिंजऱ्याचं कार्ड चौकशीसाठी सरांकडं पाठवायचं होतं, आणि सातव्या नराचंही. सातव्याच्या कार्डावर डाव्या कोपऱ्यात टिकली होती. लाल, गोल, व्यवस्थित. टिकली होती म्हणजे साध्या नराशी गल्लत झालीच नव्हती; बाईंनी योग्य नर लावला होता, याचा तेवढाच एक पुरावा जगात होता. मी नखानं ती टिकली काढली.

लिहिलं एकदाचं. इतकी वर्षं मी मनाशी सुद्धा "गप्प राहिलो" एवढंच म्हणत आलो. गप्प राहणं वेगळं. मी नख लावलं. टिकली सहज निघाली नाही. दोनदा, तीनदा खरवडावं लागलं.

संध्याकाळी, फेरचाचणीची सोयच राहू नये म्हणून, मी सातव्या नराला वायूच्या डब्यात घातलं. आमच्या नोंदवहीत उंदीर मारल्याला मारला म्हणत नाहीत, "सॅक्रिफाइस्ड" लिहितात. त्याग. मी तेही लिहिलं. कुणाचा त्याग, कुणासाठी? आणि इथं मला ओरडावंसं वाटतं. आमच्याकडं प्राण्यांसाठी समिती आहे. एक उंदीर मारायचा तर का, कसा, वेदना किती, दुसरा मार्ग होता का, याचे चार पानी फॉर्म भरावे लागतात, बाहेरची माणसं येऊन प्रश्न विचारतात. असायलाच हवी ती समिती. पण एका बाईला कामावरून काढायला कंत्राटदाराला केलेला एक फोन पुरतो. तिच्यासाठी कुठला फॉर्म नाही. दुसरा मार्ग होता का, हे विचारणारं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये बाईंना बोलावलं. कपाळावर नवी टिकली होती. त्या ठाम होत्या.

"म्या सातव्यापशीच ठिवली व्हती मादी. कार्ड बगा. टिकली हाय त्याच्यावर."

"टिकली?" सरांना पहिल्यांदाच कळलं. "बॅरियरच्या आत टिकली?"

कार्ड टेबलावर होतं. बाईंनी उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. अंगठा डाव्या कोपऱ्यावरून फिरवला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग कार्ड हळूच खाली ठेवलं.

"मंग पडली आसंल," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. उद्यापासून येऊ नका, हे त्यांना फाटकावर कळलं. कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर त्यांची पिशवी राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्यातली सीताफळं पिकली. त्या मक्याच्या भुशाच्या वासावर मात करून सीताफळाचा वास सगळ्या बोळात भरला. येणारा-जाणारा विचारायचा, कुणी आणली, कुणी आणली? फळं फुटली, मुंग्या लागल्या, मग मी पिशवी बाहेर नेऊन टाकली.

एक सांगायचं राहिलं. ती अकरा पिल्लं टाकून द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी पिंजरा उघडला तर आत नऊ होती. मोजली, पुन्हा मोजली. नऊ, सगळी कोरी. मी नोंदवहीत "अकरा" लिहिलं. त्या आठवड्यात मी लिहिलेल्या खोट्या गोष्टींपैकी एवढीच एक अशी, जिची मला लाज वाटत नाही.

आठवड्याभरानं कोपऱ्यातल्या एका पिंजऱ्यात पांढऱ्या पिल्लांत दोन काळी दिसायला लागली. बाईंनी ती त्याच सकाळी दुसऱ्या बाळंतिणीच्या भुशात चोळून, तिचा वास लावून, तिच्या पिल्लांत सरकवली होती. जाण्याआधी. मी त्यांच्या शेपटीचा शेंडा तपासायला दिला. एक रिकामं निघालं. दुसऱ्यात माणसाचा जनुक होता.

सरांना मी सांगितलं, आधीच्या गटातलं आहे. त्यांनी विचारलं नाही. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. त्या एका उंदराची वंशावळ आज देशातल्या कितीतरी प्रयोगशाळांत आहे. त्या वाणाला नाव आहे, आणि रीतीप्रमाणं नावाच्या शेवटी तो कुणी घडवला त्याची अक्षरं असतात. सरांची आहेत. उंदीर जगेल तोवर राहतील. कावेरीबाईंचं नाव आमच्या हजेरीपटावरसुद्धा नव्हतं. कंत्राटदाराच्या वहीत "मदतनीस, महिला" होतं. मी पुढच्या वर्षी प्राणिगृहाचा प्रमुख झालो. अडचणीच्या वेळी डोकं शांत ठेवल्याबद्दल.

आणि मग ती स्लाइड. दर वर्षी याच दिवसांत आम्ही बाहेरच्या मुलामुलींसाठी कार्यशाळा घेतो. सर शेवटचं भाषण करतात. त्यात एक पान असतं: वर "मानवी चूक", मध्ये मोठी लाल टिकली, खाली तेव्हा मीच लिहून दिलेल्या अहवालातलं वाक्य, चुकीचा नर पिंजऱ्यात गेल्याचं. सर म्हणतात, "याला आम्ही टिकली प्रोटोकॉल म्हणतो. एका मावशींनी सायन्सला कुंकू लावलं!" सगळे हसतात. दर वर्षी हसतात. त्यातल्या काहींच्या पिंजऱ्यात त्याच मावशींनी वाचवलेल्या पिल्लाची पणतवंडं असतात आणि ते हसतात. मानवी चूक म्हणे! कुठला मानव? चूक करणारे दोन मानव तिथं व्यासपीठावर बसलेले असतात, एक बोलत असतो आणि एक पाण्याची बाटली उघडत असतो.

मीही हसायचो. हे लिहिल्याशिवाय बाकी सगळं लिहिण्याला अर्थ नाही. ओठ ताणून, बरोबर वेळेवर.

गेल्या शुक्रवारी हसू आलं नाही. हसण्याचा आवाज विरल्यावरही मला तो ऐकू येत राहिला. रविवारी मी स्कूटर काढली आणि दौलताबादच्या रस्त्याला लागलो. टोपल्यांमागं बसलेल्या बायकांची तोंडं बघत बघत चाललो. घाटाच्या अलीकडं एका बाभळीखाली त्या दिसल्या. पाठ वाकलेली, चष्मा आलेला, कपाळावर टिकली.

"ओळखलं का बाई?"

"डाक्टर," त्या म्हणाल्या. मग नीट बघून, "केस गेले की सगळे! उंदरायनी कुरतडले का काय?"

मी त्यांच्याशेजारी मातीत बसलो. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. सगळं विसरून एकच वाक्य निघालं.

"बाई, ती टिकली मी काढली होती."

त्या फळं निवडत राहिल्या. कडक एकीकडं, मऊ एकीकडं.

"माहीत हाय."

"माहीत होतं?"

"आवो, माझ्या टिकलीचा डिंक मला ठावं नाय का? खरवडल्याबगर निघत नाय ती. कार्डावर नखाचे वळ व्हते. अंगठ्याला लागले."

"मग 'पडली असेल' का म्हणालात?"

"तुमचं तोंड बगवंना. पांढरंफटक पडलं व्हतं. म्हनलं, ह्यो मानूस आता बोलंल, आता बोलंल. वाट बगितली म्या. फाटकावर बगितली. बस सुटंस्तोवर बगितली." त्यांनी एक डागी फळ मागं टाकलं. "मंग सोडून दिलं."

एक मोटार थांबली, काच खाली झाली, "मावशी, गोड आहेत का?" बाईंनी तिकडं न बघता सांगितलं, "नाय, कडू हायेत. जावा." आणि माझ्याकडं वळल्या.

"ते दोन जगले का?"

इतक्या वर्षांत त्यांना विचारायचं होतं ते एवढंच. मी सांगितलं. एक साधं निघालं, दुसऱ्यात जनुक होता, त्याची पिलावळ आता कुठं कुठं गेली आहे, त्याच्यावर औषधं तपासली जातायत.

"काळेच निपजले?"

"काळेच."

"म्हनलं व्हतं म्या. दोन आपले हायेत." चष्म्यामागचे डोळे क्षणभर लकाकले. मग मी स्लाइडचं सांगितलं. टिकलीचं, हसण्याचं. सांगायचं नव्हतं, पण अर्धं सांगायची सवय आता मोडायची होती. त्यांचा हात टोपलीवर थांबला.

"आजून हसायलेत?"

"हो."

"आन् तुमी?"

मी मान खाली घातली. ते त्यांना पुरलं.

"बाई, मी माफी मागायला—"

"मला काय सांगायलेत?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. शेजारच्या टोपलीवाल्या बायकांनी माना वळवल्या. "मला तर माहीतच हाय! मला सांगून तुमचं वझं उतरंल, माझं काय व्हईल? जे हसायलेत त्यायला सांगा. जावा."

मी उठलो. त्यांनी टोपलीतून दोन फळं काढली, भेगा निरखल्या, बोटांनी दाबून बघितल्या आणि माझ्या हातात दिली.

"डोळे उघडलेत, पर कडक हायेत. तीन दिस लागतील पिकायला." मग थांबून म्हणाल्या, "तवर सांगून व्हईल का?"

आज बुधवार. फळं बायकोच्या गव्हाच्या डब्यात ठेवली होती. सकाळी तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, वास सुटला!" मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती पहिली. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "आणि तुम्ही इतकी वर्षं मला म्हणायचात, चालत नाही."

जुनी कार्डं माझ्याच ताब्यात असतात. सातव्या नराचं काढून आणलं आहे. डाव्या कोपऱ्यात नखाचे तीन वळ आणि मध्ये एक गोल जागा, बाकी कार्ड पिवळं पडलं तरी ती पांढरी राहिलेली. त्या दुपारी टिकली माझ्या बोटाला चिकटून राहिली होती. ती मी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लावली होती, जशी बायका आरशाला लावतात. इतकी वर्षं रोज कपाट उघडलं की ती दिसायची. आज काढली. मागचा डिंक मेला आहे, म्हणून खळ लावून त्या गोल जागेवर बसवली. बरोबर बसली.

हे कार्ड, नोंदवहीतल्या माझ्या सहीच्या पानाची प्रत आणि हा लेख, असं पाकीट संचालकांना द्यायचं आहे, एक सरांना, आणि कार्यशाळेला आलेल्या प्रत्येकाचा पत्ता माझ्याजवळ आहे. माझी नोकरी राहील न राहील. सर म्हणतील, निकम, जुनं उकरून काय मिळणार? म्हणू देत. त्या वाणाच्या नावातली अक्षरं मला बदलता येणार नाहीत, पण तो वाण कुणाच्या डोळ्यांमुळं वाचला ते सांगता येईल.

फळं टेबलावर आहेत. एकाची साल देठाजवळ उकलली आहे. अजून फोडलेलं नाही. आधी पाकिटं देऊन येतो.